भेगेसकट घर

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंद्याने घरांची किंमत ठरवणारा, आता निवृत्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वहस्ते लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मी घाबरलेला मात्र आहे. घाबरलेल्या माणसाचे मृत्युपत्र चालते का, असे वकिलांना विचारले. भीती दुसऱ्या कोणी घातलेली नसेल तर चालते, असे ते म्हणाले. ही माझी मीच ओढवून घेतलेली आहे.

कलम १. हे दुमजली घर माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावे. ते विकायची वेळ आली तर दलालीचे काम माझ्या मेहुण्याला देऊ नये. कारण पुढे येईल.

कलम २. माझी मोजपट्टी, भिंत ठोकून पाहायची लाकडी हातोडी आणि भोक पाडून भिंतीची जाडी मोजायचे गिरमिट जावयांना द्यावे. त्यांना यातले ओ की ठो कळत नाही. पण त्यांना कसलीही घाई नसते, आणि या धंद्यात तेच लागते.

कलम ३. चाळीस वर्षे मी एक रीत पाळली. घर बघण्याआधी त्या गल्लीतल्या खाणावळीत जेवायचे. गवंडी, शिक्षिका आणि डॉक्टर एकाच बाकावर जेवताना दिसले, की तिथल्या घरांचा भाव चढणार हे मी सांगायचो, आणि तो चढायचा. आमच्याही गल्लीचा चढला. माझ्या तळमजल्यावर भाड्याने खाणावळ चालवणाऱ्या बाईंच्या हाताची चव कर्णोपकर्णी झाली. मागोमाग आणखी तीन जेवणघरे आली. पूर्वी ज्या घरांकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, त्यांच्यासाठी लोक आता एकमेकांशी चढाओढ करतात.

कलम ४. तीन वर्षांपूर्वी बाईंना टेबले वाढवायची होती. मधली भिंत काढली तर चालेल का, असे त्यांनी मला विचारले. मी जेवायला बसलो होतो. उठून हातोडी आणायला हवी होती, पण ताटातली भाजी गरम होती. बसल्या जागेवरून चमच्याने दोनदा टकटक केले आणि म्हणालो, "खुशाल काढा, नुसता आडोसा आहे." परक्याच्या घरात मी असा कधीच वागलो नसतो. त्यांनी ती काढली. तो आडोसा नव्हता. माझ्या वरच्या खोलीचा अर्धा भार त्या भिंतीवर होता.

गेल्या वर्षी माझ्या कपाटामागे भेग दिसली. भेग वाढते का हे पाहायला आम्ही तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवतो. भेग हलली की काच तडकते. पहिली काच सहा महिने टिकली. दुसरी पाच आठवडे. तिसरी परवा लावली, ती आज सकाळी फुटलेली होती.

दुसरी फुटली तेव्हा मेहुण्याला दाखवली होती. याच गल्लीत तो घरांची दलाली करतो. त्याने कपाट होते तसे सरकवले आणि म्हणाला, "भाऊजी, भेग हा शब्द तोंडातून काढू नका. सगळ्या गल्लीचा भाव बसेल." मी त्याचे ऐकले. समोरच्या शिक्षिकेच्या घराचा सौदा ठरत आला होता, आणि माझ्या चाळीस वर्षांच्या नावाला काळिमा लागला असता. फुटलेल्या तिन्ही काचा मेहुण्याला द्याव्यात. त्याच्यासाठी दुसरे काही ठेवलेले नाही.

दुपारी बारा वाजले की खाली खुर्च्या सरकतात. चाळीस माणसे जेवत असतात. मी खाटेवर कूस बदलायलाही भितो, शिंक आली तर नाक दाबून धरतो. सांगायचे ठरवून तीनदा जिना उतरलो. बाई म्हणतात, "काका, बसा, वाढते," आणि मी बसतो. मग मी जेवतो, आणि वर बघत बघत जेवतो.

कलम ५. म्हणून तोंडाने जमले नाही ते येथे लिहिले. हा कागद मी मेल्यावर उघडायचा होता. पण घर माझ्या मरणापर्यंत थांबेलच, असे आता मला वाटत नाही. घराला आजच टेकू द्यावेत आणि दुरुस्ती माझ्या हयातीतच, माझ्या ठेवीतून व्हावी.

खालच्या बाईंच्या नावे मी काहीही ठेवलेले नाही. त्यात राग नाही. ज्याला काही मिळायचे असते त्याला साक्षीदार करता येत नाही, आणि मला साक्षीला त्याच हव्या आहेत. गॅसच्या पावतीवरसुद्धा त्या वाचल्याशिवाय सही करत नाहीत. हाही कागद त्या वाचतील.

स्थळ: वरची खोली, कपाटाजवळ. मंगळवार, ४ मार्च, सकाळी सव्वाअकरा.

(लिहून देणाऱ्याची सही)

साक्षीदार पहिले, कोपऱ्यावरचे डॉक्टर: लिहून देणार शुद्धीत आहेत. ताप नाही.
(सही)

साक्षीदार दुसऱ्या, खालच्या खाणावळीच्या मालकीण: सगळं वाचलं. कपाट सरकवून काच पाहिली. गॅस बंद केला, कामाच्या पोरींना आणि आलेल्या लोकांना रस्त्यावर काढलं, दाराला कुलूप घातलं. आता आधी काकांना हाताला धरून खाली उतरवते, मग भांडते.
(सही)