अडतीस सालचं नाणं आणि वहीतलं भोक

चिरंजीव जावईबापू यांस,

सासूचा आशीर्वाद. तुमची पाठ कशी आहे? लोकांचे वीजमीटर वाकून वाकून वाचायचे म्हणजे पाठ बोलणारच. माझे गुडघे आहेत तसेच आहेत, दात दोन कमी झाले, जीभ शाबूत आहे. मी चौथीपर्यंत शिकलेली. अक्षर लागलं नाही तर माझ्या लेकीकडून वाचून घ्या. (लागलं तरी तिच्याकडूनच वाचून घ्या, तिलाही कळू दे.)

तुमचे पैसे आणि चिठ्ठी मिळाली. आमच्या गावातल्या नाणीवाल्याकडून अडतीस सालचं नाणं घेऊन ठेवा, नाणी बसवायच्या वहीत तेवढं एकच भोक उरलंय, आणि शिलाई मशीनचं तूर्त राहू द्या, असं लिहिलंत. हे तूर्त तुमच्या घरी तीन वर्षं मुक्कामाला आहे. लेक शाळेचे गणवेश शिवते, जुनं मशीन चार टाके घालतं आणि पाचवा गाळतं, तो ती हाताने घालते. पण असो. सासूने जावयाच्या पैशात नाक खुपसू नये म्हणतात, म्हणून मी नाक मुठीत धरून दुकानात गेले.

दुकान चांभाराच्या वर, लाकडी जिना चढून. नाणीवाल्याच्या गळ्यात भिंग, जसं बैलाच्या गळ्यात घुंगरू. मला बघून म्हणाला, "काय विकायचंय आजी?" म्हटलं, "अजून तरी काही नाही." मग त्याने तुमचं ते अडतीस साल मखमलीवर ठेवलं. मी चिमटीत उचललं, तर त्याचाच डोळा उपटल्यासारखा ओरडला. पांढरे हातमोजे दिले. जन्मभर बोट थुंकीने ओलं करून पैसे मोजले, आता म्हातारपणी मोजे घालून पैशाला शिवायचं! भाव ऐकला आणि मी मटकन स्टुलावर बसले. (स्टूल नव्हतं, त्याची नाण्यांची पेटी होती. त्यावरून दुसऱ्यांदा ओरडला.)

मी विचारलं, "एवढं दुर्मीळ आहे?" म्हणे, फार दुर्मीळ. "तुमच्याकडे किती आहेत?" माणूस बिचारा सरळ, खण उघडला. नऊ! अहो, नऊ तर माझ्या घरात चमचे नाहीत. तो म्हणाला, "आजी, नाणी पुष्कळ आहेत, पण भोकं त्याहून जास्त आहेत. वही घेणाऱ्या प्रत्येकाचं याच नाण्यावर अडतं." मग त्याने पाकिटातून एक बारकं एकेचाळीस सालचं काढलं. चाळीस वर्षांच्या धंद्यात अशी तीनच पाहिली म्हणाला. आणि भाव? माझ्या चपलेच्या तळव्याहून कमी. का, तर छापील वहीत त्याला जागाच नाही, मग विचारतो कोण! म्हणजे जावईबापू, तुम्ही नाण्याची नाही, भोकाची किंमत मोजताय. एका नवऱ्यामुलासाठी शंभर बाप रांगेत उभे राहिले की टकला असला तरी तो भाव खातोच. (तुमच्या दारात आम्ही एकटेच होतो, ही गोष्ट वेगळी.) नाणीवाला म्हणाला, पण विकायला काढलं तर गिऱ्हाईक लगेच मिळतं. ते खरं असेल. पण तुम्ही विकणार आहात का? तुम्ही तर वही कुलपात ठेवता आणि किल्ली उशीखाली.

तेव्हा मी जिना उतरले आणि समोरच्या दुकानात तुमच्या पैशांचं मशीन घेतलं. मंगळवारी तुमच्या दारात येईल. परत घेत नाहीत, मी आधीच विचारून ठेवलंय.

पण तुम्हाला रिकाम्या हाताने ठेवीन अशी सासू मी नव्हे. घरी येऊन होती नव्हती ती सगळी नाणी उलथीपालथी केली. डबे, कपाट, जुन्या कोटाचे खिसे. शेवटी डगमगत्या टेबलाच्या पायाखाली तीस वर्षं सरकवलेलं नाणं ओढलं, तर अडतीस साल! सोबत पाठवत आहे. फुकट. जावयाला काळंकुट्ट कसं द्यायचं म्हणून लखलखीत करून दिलंय. भोक भरा आणि लेकीशी दोन शब्द गोड बोला. (आता टेबल हलतं, म्हणून अक्षर असं.)

तुमची सासू

ता. क. टपालात टाकण्याआधी नाणीवाल्याला दाखवलं. त्याने पाणी मागितलं. राख आणि लिंबाने मी तासभर घासलं ते चुकलं म्हणे, नाण्याचा जुना काळपटपणाच लोकांना हवा असतो. "काल आहे तसं आणलं असतंत तर आणखी एक मशीन आलं असतं," म्हणाला. आता दहावा हिस्साही येणार नाही. पण भोकात घट्ट बसतं, त्याच्या दुकानातल्या तशाच वहीत मी मापून पाहिलं.

ता. क. दुसरा. ते एकेचाळीसचं बारकं मी घेतलं. एवढं स्वस्तातलं सोडायचं कशाला? त्यावर नाणीवाल्याने एक जुनी वही भेट दिली. अकरा भोकं आहेत, दहा भरली. अकरावं तेवीस सालचं, सगळ्यांचं त्यावरच अडतं म्हणे, आणि भाव ऐकून मी पुन्हा पेटीवर बसले. लेक सांगते, तुमच्याकडे तेवीसची दोन आहेत. एक पाठवा. त्या रिकाम्या भोकाकडे बघून मला जेवण जात नाही.

घासू नका. आहे तसं पाठवा.