आबांच्या जीपचा पत्रा

आखाडा बाळापूर
५ जुलै २०२४

ती. वैजूदादास,
धाकट्या पुनमचा वाकून नमस्कार, वि. वि.

इकडं सगळे खुशाल. सोयाबीन वर आलं, हळदीची लागण झाली. राजनंदिनी शाळेत जाताना रोज रडून राहिली, पण तिथं गेली की घरी यायला तयार नसते.

फोनवर तुला मशीनचं विचारते अन् फोन ठेवला की अर्धं विसरून जाते. म्हणून आता कागद. तू पण लिहूनच कळव, मी शेडात चिकटवून ठेवीन.

घरामागं ह्यांनी मला पत्र्याचं शेड उभं करून दिलंय. त्यात वेल्डिंगचं मशीन बसवायचं. आयटीआयला शिकलेलं लग्नानंतर हाताला लागलंच न्हाई. इथं ट्रॉली मोडो की ऑटो, लोकांना वारंगा फाट्याला न्यावं लागतं. पण पहिलं काम घरचंच करणार. आबांनी जाण्याआदी तुझ्यासमोर अन् आईसमोर सांगितलं होतं की जीप पुनमची, तीच तिला पुन्हा रस्त्यावर आणील. तिकडं शिरडला उभ्या उभ्या तिचा तळाचा पत्रा सडून गेलाय, पाय ठेवला की खालची माती दिसते. तेवढा बदलला की इंजिनाला फार तकलीफ न्हाई.

तू नांदेडात इतकी वर्षं गाड्यांच्या बॉडीकामावर होतास. रॉडचं मशीन घेऊ का वायरचं? इथला दुकानदार जे त्याच्याकडं पडून हाये त्याचंच कौतुक करतो.

आईला अन् सरितावहिनीला नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
पुनम


शिरड शहापूर
१६ जुलै २०२४

चि. सौ. पुनमला,
दादाचे भरभरून आशीर्वाद.

पत्र पोचलं. आईला वाचून दाखवलं. ती हसली अन् म्हणाली, या पोरीनं लहानपणी शिलाई मशीन खोललं होतं, ते अजून जुळलेलं न्हाई.

आता कामाचं. रॉडचं मशीन स्वस्त अन् दणकट. ट्रॉलीच्या अँगलला, नांगराच्या फाळाला तेच बराबर. पण जीपचा पत्रा पातळ असतो. रॉड लावला की टाका बसायच्या आदी भोक पडतं. त्याला वायरचं मशीन पाहिजे. त्यातही गॅसवालं घेतलं तर टाका साफ येतो, पण उघड्या शेडात वाऱ्यानं गॅस उडून जातो अन् सिलिंडरसाठी गावोगाव फिरावं लागतं. बिनगॅसची वायर मिळते, धूर जास्त करते, पण तुझ्यासारखीला चालेल. दोन्ही कामं करणारी मशीनंही निघाली हायेत.

तुमच्याकडं संध्याकाळी लाइट किती उतरते ते आदी बघ. दिवा मंद झाला की मशीनही मंद होतं. घाई करू नको. पहिलं मशीन चुकलं की हौसच मरते.

सोमेश्वररावांना नमस्कार. दादाला विसरू नको.

तुझा,
वैजूदादा


आखाडा बाळापूर
६ ऑगस्ट २०२४

ती. वैजूदादास,
सा. नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र शेडात लावलं. ह्यांनी वाचलं अन् म्हणाले, तुझा दादा मास्तर व्हायला पाहिजे होता.

लाइट बघितली. सकाळी चांगली असते, संध्याकाळी उतरते. काम सकाळीच करीन. माझं ठरत आलंय: दोन्ही चालणारं मशीन घ्यायचं, जीपला बिनगॅसची वायर अन् ट्रॉलीला रॉड.

पोळा झाला की दोन दिवस शिरडला येते. तळाच्या पत्र्यावर पुठ्ठा ठेवून माप कापायचं हाये. गंज कुठवर गेलाय ते बोटानं दाबून बघितल्याशिवाय कळणार न्हाई. मग ट्रॅक्टरला बांधून जीप इकडं आणू. राजनंदिनी आतापासूनच सगळ्यांना सांगून राहिली की आमच्याकडं गाडी येणार.

आईच्या गुडघ्याला तेल लावत जा. सगळ्यांवर जीव आहेच.

तुझी,
पुनम


शिरड शहापूर
९ सप्टेंबर २०२४

चि. सौ. पुनमला,
अनेक आशीर्वाद.

पोळा चांगला झाला. तू यायचं म्हणतेस, पण सध्या येऊ नको. इकडं रस्ता चिखलानं भरलाय, तू लेकराला घेऊन कुठं तकलीफ करतेस. जीप शेडात ताडपत्रीखाली सुखरूप हाये. माप मीच घेऊन पाठवतो.

मशीनही आत्ता घेऊ नको. दिवाळीत नवीन माल येतो असं ऐकलंय. तोवर पातळ पत्र्याचे तुकडे जमवून ठेव, सरावाला लागतील. एक ध्यानात ठेव: पत्र्यावर सरळ रेघ ओढत जायचं न्हाई. इथं एक टाका, तिकडं लांब एक टाका, मग मधला. न्हाईतर पत्रा तापून वाकडा होतो. अन् गाडीवर काम करताना बॅटरीची वायर आदी काढायची.

आई तुझी आठवण काढते. रागावू नको, दादा तुझ्या भल्याचंच सांगतोय.

तुझा,
वैजूदादा


आखाडा बाळापूर
२५ सप्टेंबर २०२४

वैजूदादा,

परवा आम्ही दोघं वारंगा फाट्याला मशीन बघायला गेलो होतो. दुकानासमोर प्रवासी भरत असलेली एक जीप उभी होती. रंग लाल, नवाकोरा. नंबर आबांचा.

मला आदी वाटलं माझंच चुकतंय. मी जवळ गेले. ड्रायव्हर वसराम राठोड म्हणून हाये, भला माणूस. त्याला विचारलं, गाडी कुठून घेतली? तो म्हणाला, शिरडच्या वैजनाथभाऊनं दिली, पोळ्याच्या आदी. मी म्हणाले, तळाचा पत्रा सडलेला होता ना? तर तो हौसेनं मॅट उचलून दाखवायला लागला. म्हणाला, वैजनाथभाऊनं स्वतःच्या हातानं नवा बसवून दिला, बघा किती साफ काम हाये.

मी बघितलं, दादा. इथं एक टाका, तिकडं लांब एक टाका, मग मधला.

पोळ्याच्या आदी गाडी गेली अन् पोळ्यानंतर तू मला लिहिलंस की ती ताडपत्रीखाली सुखरूप हाये. वसरामभाऊ विचारत होते, ताई, तुमची वैजनाथभाऊशी ओळख हाये का? ह्यांनी मला बाजूला नेलं. मी रस्त्यात रडले. फाट्यावरची माणसं बघून राहिली होती.

एवढंच सांग, काहून?

पुनम


शिरड शहापूर
१० ऑक्टोबर २०२४

चि. पुनमला आशीर्वाद.

तू एवढं मनाला लावून घेशील असं वाटलं न्हाई. जीप दारात सडूनच राहिली होती. वसरामचं चांगलं गिऱ्हाईक मिळालं. तू सासरी. बापाची गाडी ओढून तिकडं नेली असती तर भावकी बोलली असती. आईलाही माहीत होतं. तीच म्हणाली, पोरीला आत्ता सांगू नको, सावकाश सांगू.

खरं सांगू का? मला वाटलं, मशीन बघता बघता तुझी हौस फिटेल. हे घेऊ का ते घेऊ यात दिवाळी निघून जाईल अन् तूच विषय सोडशील. बाईमाणसानं गाड्यांखाली शिरावं हे तुझ्याच्यानं होईल असं मला वाटलं न्हाई. पण सांगितलेलं सगळं बराबर सांगितलं, त्यात खोट न्हाई.

झालं गेलं सोडून दे. भाऊबीजेला ये, सरितानं तुझ्यासाठी साडी घेतली हाये. आलीस की एक दिवस रजिस्ट्रीला जाऊ. वावराच्या हक्कसोडीवर तुझी सही राहिली हाये, तेवढी करून टाक म्हणजे सातबारा माझ्या नावावर नीट होईल.

जीव लाव, तोडू नको.

तुझा,
वैजूदादा


आखाडा बाळापूर
२८ ऑक्टोबर २०२४

वैजूदादा,

मशीन घेतलं. दिवाळीच्या मालाची वाट बघितली न्हाई. पहिल्या दिवशी पत्र्याची चाळण केली. दुसऱ्या दिवशीही केली. मग हात बसला. शेजारच्या सरूबाईच्या लेकाच्या ऑटोचा तळ बदलून दिला, तो आता रोज बाळापूरच्या बाजारात माणसं नेतो.

तू म्हणतोस सांगण्यात खोट नव्हती. खरंय. बॅटरी काढायची, वारा बघायचा, टाके लांब मारायचे, सगळं तुझ्यामुळं जमलं. त्याचाच त्रास जास्त होतो. खोटं सांगितलं असतंस तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. तू मन लावून शिकवलंस, अन् शिकवताना मनात धरून होतास की ही काही करणार न्हाई. तुझी पत्रं आली की मी हातातला चहा तसाच ठेवून शेडात जाऊन वाचायची. तू तिकडं मला खेळवत होतास.

वसरामभाऊकडून जीप परत मागणार न्हाई. त्यांचं पोट तिच्यावर हाये. त्यात त्यांची काय चूक?

आईला एवढं सांग, की तिच्यावर राग धरून जगता येणार न्हाई मला, पण आज बोलताही येणार न्हाई.

सही मी करणार न्हाई. वावर पाहिजे म्हणून न्हाई. तू कसशील, तूच पिकवशील, एक पायलीसुद्धा मागणार न्हाई. पण माझं नाव तिथं राहू दे. यापुढं काही विकायचं, मोडायचं, द्यायचं झालं तर तुला आदी माझ्या दारात यावं लागेल अन् मला तोंडानं विचारावं लागेल. आबा गेल्यापासून तू हे एकदाही केलं न्हाईस.

भाऊबीजेला मी शिरडला येत न्हाई. ओवाळून घ्यायचं असेल तर तू ये. घर माहीत हाये, पण घरात न जाता मागं शेडाकडं ये. सध्या एका ट्रॉलीचं काम घेतलंय, लोखंड तापलेलं असलं की मधेच सोडता येत न्हाई. तसं असलं तर बाहेर बाजेवर बस. माझं उरकलं की मी हात धुऊन येईन.

पुनम