बिनपैशाच्या चोवीस चिठ्ठ्या

खांदेरीचा दिवा,
बुधवार, ता. २३ नोव्हेंबर १९५५

चि. राही हिस बाबांचा सप्रेम सलाम व अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे. तुझी खुशाली आत्याच्या पत्रातून कळते, तुझ्या पत्रातून कळत नाही, कारण तुझं पत्रच येत नाही. ऑगस्टपासून मी लिहितो आणि तू वाचून ठेवून देतेस, असं आत्या कळवते. वाचतेस हेही काही कमी नाही.

या पत्राबरोबर बिस्किटांचा रिकामा डबा धाडतो आहे. हलवून बघू नकोस, वाजणार नाही, आत चोवीस चिठ्ठ्या आहेत. एक डिसेंबरपासून रोज एक उघडायची आणि तीत लिहिलं असेल ते त्या दिवशी करायचं. खेळ तुझ्या आईचा, तुला माहीतच आहे. ती सकाळी चुलीपाशी बसून त्या दिवसाचा उद्योग तोंडीच सांगायची. मला तसं ऐनवेळी सुचत नाही, म्हणून बसून लिहून काढलं. नियम मात्र तिचेच. छदामही खर्च करायचा नाही आणि घरातल्या सगळ्यांनी करायचं. पंधरा वर्षांची झाले, आता हे खेळ कसले, ही सबब चालणार नाही. तुझी आत्या पन्नाशीची आहे आणि तिलाही सूट नाही.

चिठ्ठ्यांची एक नक्कल मी इथे ठेवली आहे. तुम्ही जे कराल तेच त्या दिवशी मी आणि नुरुद्दीन करू. दिव्यावर आम्ही दोघेच माणसं, तेव्हा गर्दी होणार नाही.

मामा तुला पुण्याला शिकायला न्यायचं म्हणतात. शाळा चांगली आहे, मी आडवा येणार नाही. पण नाताळपर्यंत त्यांना होकार देऊ नकोस, एवढंच मागतो. मला चोवीसपासून चार दिवसांची रजा मिळाली आहे. ईदेला मी नुरुद्दीनच्या पाळ्या केल्या, नाताळला तो माझ्या करणार. शिध्याची होडी एरवी बुधवारीच येते, पण ती आणणारा दादू नाताळला माझ्यासाठी खास होडी काढतो म्हणाला आहे. मग समोर बसून बोलू.

रागाव हवी तेवढी, पण माया पातळ करू नकोस.

तुझा,
बाबा


किहीम,
ता. २९ नोव्हेंबर १९५५

ती. बाबांस राहीचा सलाम.

डबा मिळाला. आत्या म्हणते करायचं, म्हणून करीन.

तुम्ही लिहिता की माझं पत्र येत नाही. मला काय लिहायचं ते सुचत नव्हतं, आता सुचलं आहे. आई तापाने गेली तेव्हा ऑगस्टची नऊ तारीख होती. तुम्ही अठराला आलात. समुद्र खवळलेला होता, होडी निघत नव्हती, हे सगळे मला समजावून सांगतात. मला ते समजतंही. पण मी किनाऱ्यावर उभी राहून रोज दिवा बघत होते आणि तो नेहमीसारखा वेळेवर लागत होता. आमच्यावर काय आलं आहे ते तिकडे कुणाला ठाऊक नाही, आठवणही नाही, असं मला वाटायचं. अजून वाटतं.

नाताळला आलात तर मामांना मी नाही म्हणून कळवीन. नाही आलात तर जाईन. हे आत्याला सांगितलेलं नाही.

आपली,
राही


किहीम,
ता. ६ डिसेंबर १९५५

चि. अंबाजीस मनुबाईचे आशीर्वाद.

अरे, या वयात तू बहिणीला कागदाचा मुकुट घालून विहिरीवर पाठवलंस! दोन तारखेची चिठ्ठी. जुन्या वर्तमानपत्राचे मुकुट करायचे आणि दिवसभर काढायचे नाहीत. माझ्या मुकुटावर खताची जाहिरात आली होती. विहिरीवरच्या बायांनी विचारलं, हा तुमच्या धर्मातला उपास का. मी म्हटलं, होय, कडक आहे.

एक तारखेला राहीने खिडकीत चोवीस शिंपले मांडले. रोज एक काढून ठेवायचा. मांडले मात्र सरळ ओळीत. तीन तारखेला ज्याने कधी ऐकलं नाही त्याला नाताळचं गीत ऐकवायचं होतं. शेजाऱ्यांनी सगळी ऐकलेली, त्यामुळे आम्ही येसाजीच्या म्हशीपुढे उभ्या राहून गायलो. म्हैस दुसऱ्या कडव्याला उठून गेली. चार तारखेची मुक्याची चिठ्ठी मात्र माझ्याच अंगाशी आली. सबंध जेवण खुणांनी करायचं, आधी बोलेल त्याने भांडी घासायची. मांजराने माझ्या ताटातला बांगडा उचलला आणि मी ओरडले. तेव्हा पोर हसली रे. चार महिन्यांत पहिल्यांदा. नंतर उठून पडवीत गेली आणि बराच वेळ आली नाही. मी मागे गेले नाही. भांडी घासत बसले.

मला तुझ्या पोरीचं लक्षण ठीक दिसत नाही. भांडली असती तर बरं होतं. नाताळला काही झालं तरी ये.

तुझी,
अक्का


खांदेरीचा दिवा,
ता. १४ डिसेंबर १९५५

ती. अक्कास व चि. राहीस अनुक्रमे सलाम व आशीर्वाद.

म्हशीची हकीकत नुरुद्दीनला वाचून दाखवली. तो म्हणतो म्हशीला कळतं. आम्ही गीत ऐकवलं ते बगळ्यांना, आणि ते शेवटपर्यंत बसले. मुकुट घालून दिव्याच्या काचा पुसल्या.

मुक्याच्या चिठ्ठीचं मात्र हसू झालं. चार तारखेला आम्ही जेवायला बसलो आणि बोललो नाही. संध्याकाळी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी नुरुद्दीनने मीठ मागितलं, तेव्हा लक्षात आलं की चिठ्ठी कालच संपली होती. इथे असंच आहे. हा खेळ आम्ही वर्षभर खेळतो, आम्हाला ठाऊक नव्हतं इतकंच.

काल प्रत्येकाने दुसऱ्याचा एक चांगला गुण लिहून द्यायचा होता. नुरुद्दीनने माझ्याबद्दल लिहिलं की हा माणूस घोरत नाही. राही, तू आत्याबद्दल काय लिहिलंस ते कळव.

रविवारी तुम्ही वाळूत मोठी चांदणी काढायची होती. मी दुर्बीण घेऊन वर गेलो. किनारा दिसला, सुरूची झाडं दिसली, चांदणी दिसली नाही. तरी तासभर बघत होतो. आता दहा दिवस.

लोभ ठेवा, मी तो घ्यायला येतोच आहे.

तुमचा,
अंबाजी


किहीम,
ता. २० डिसेंबर १९५५

ती. बाबांस राहीचा सप्रेम सलाम.

चांदणी काढली होती. भरतीचं पाणी आलं आणि गेली. तुम्ही उशिरा वर गेला असाल.

आत्याबद्दल मी लिहिलं की ती रडते तेव्हा कुणाला दिसू देत नाही. तिने वाचलं आणि मला धपाटा घातला. तिने माझ्याबद्दल लिहिलं की मुलगी आईवर गेली आहे, पण स्वयंपाक सोडून.

सुरूची वाळकी फांदी आणून झाड उभं केलं आहे. त्यावर शिंपले, गुंजा आणि तुमच्या सिगारेटच्या पाकिटातली चांदी. बांबूच्या कामट्यांची चांदणी केली, तिला गेल्या संक्रांतीच्या फाटक्या पतंगांचे कागद लावले. एक पाकळी वाकडी झाली आहे, आल्याआल्या त्यावरून चिडवायचं नाही. काल चिठ्ठीप्रमाणे आईची एक गंमत सांगायची होती. आत्याने एक सांगितली, मी एक. मग आम्ही आणखी सांगत बसलो. चिठ्ठीत एकच लिहिली होती, म्हणजे नियम मोडला.

आज नेवऱ्या केल्या. घरात होतं त्यातूनच, त्यामुळे सारण थोडं आणि पारी फार. तुमच्या वाटणीच्या डब्यात आहेत.

मामांना नाही म्हणून पत्र लिहून ठेवलं आहे, टाकलं नाही. तुम्ही आलात की दोघं जाऊन टाकू. आत्याने दादूकाकांना पुन्हा विचारलं, नाताळला बाबांना आणताय ना. ते व्हय व्हय म्हणाले, नाताळ म्हंजे नाताळ, त्यात बदल न्हाय. म्हणजे झालं.

वाट पाहते.

तुमची,
राही


किहीम,
ता. २७ डिसेंबर १९५५

ती. बाबांस सलाम.

चोवीस तारखेला सकाळपासून मी थळच्या किनाऱ्यावर होते. दादूकाकांची होडी नव्हती. ती दोन दिवसांपूर्वीच मुरुडकडे मासळीला गेली, असं तिथल्या बायकांनी सांगितलं. बाकीच्या होड्याही बाहेर होत्या. म्हणजे बुधवारी तुम्हीच त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं असणार. पंचवीसलाही मी गेले होते. समुद्र अगदी शांत होता, म्हणून लिहिते.

काल मामा आले. उद्या सकाळी आम्ही रेवसहून निघतो. नेवऱ्या येसाजीच्या घरी दिल्या.

राही


किहीम,
ता. १४ जानेवारी १९५६

चि. राहीस बाबांचे आशीर्वाद.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. कारण सांगितलं की ती सबब वाटते. आता घरी बसून लिहितो आहे, आत्या समोर बसली आहे आणि म्हणते की फाडलंस तर मी लिहीन.

चोवीसला मी पहाटेपासून कपडे करून उताराच्या खडकावर बसलो होतो. पंचवीसलाही. मला वाटलं दादू बुडाला. अठ्ठावीसला तो नेहमीसारखा शिधा घेऊन आला, तुझं पत्रही त्याच्याचकडे. माझा चेहरा बघून म्हणाला, मास्तर, तोंड का पाडलंय, नाताळला अजून लय दिस हायेत. गेल्या वर्षी नाताळला तुझ्या आईने त्याला नेवऱ्या दिल्या त्या दिवशी अवस होती, मार्गशीर्षातली. त्याने ते नीट लक्षात ठेवलं. यंदा अधिक महिना आला, त्यामुळे मार्गशीर्षातली अवस तेरा जानेवारीला. त्याचे सगळे सण तिथीने येतात, तर आमचाच तेवढा तारखेने येतो हे त्याला कोण सांगणार? आम्ही सगळे नाताळ नाताळ करत होतो, तारीख एकानेही उच्चारली नाही. मी सांगितलं तेव्हा तो शिध्याच्या पोत्यावर बसून राहिला आणि पोरीला काय सांगू म्हणाला. मी त्याच होडीने निघालो असतो, पण रजा संपली होती आणि नुरुद्दीनची त्या दिवशी सुरू होत होती. त्याची आई आजारी आहे.

नुरुद्दीन परतल्यावर मला दोन दिवस मिळाले. काल अवसेला दादू भल्या सकाळी आला. होडी धुतलेली, अंगात नवा सदरा. मला आणून पोचवलं. घरात तुझं झाड तसंच उभं आहे, आत्याने हलवलं नाही. आम्ही तिघांनी जेवण केलं, गीत म्हटलं, दादूने नुसता ताल धरला. तो गेल्यावर घर फार मोठं वाटलं.

एक सांगायचं राहिलं. तू लिहिलं होतंस की तिकडे कुणाला आठवण नव्हती. त्या नऊ दिवसांत मी तुझ्या आईला रोज पत्र लिहीत होतो. होडी निघेल तेव्हा सगळी एकदम धाडू म्हणून. ती गेल्याचं मला ठाऊक नव्हतं, मी पावसाबद्दल, डाळीला लागलेल्या किड्यांबद्दल लिहीत होतो. शेवटच्यात भांडलोही आहे, तू उत्तर देत नाहीस म्हणून. ती नऊ पत्रं माझ्या पेटीत आहेत. काय करायचं ते कळत नाही, जाळवत नाहीत. तू परत ये म्हणून हे लिहीत नाही. मनापासून शीक.

पुण्यात थंडी असेल, गरम कपडे घाल. आम्हाला विसरलीस तरी आम्ही आहोतच.

तुझा,
बाबा


पुणे,
ता. १९ जानेवारी १९५६

ती. बाबांस राहीचा सप्रेम सलाम.

पत्र मिळालं. मामींनी विचारलं काय लिहिलंय, मी म्हटलं डाळीला कीड लागली आहे. मग मला रडू आलं आणि त्यांना काहीच कळेना.

दादूकाकांना सांगा मी रागावलेली नाही. शाळा चांगली आहे, मुली चांगल्या आहेत. संध्याकाळी दिवे लागतात तेव्हा इथे खूपच लागतात, त्यातला आपला कुठला ते कळत नाही.

ती नऊ पत्रं जाळू नका आणि पोस्टानेही पाठवू नका. आईला वाचता येत नव्हतं, हे विसरलात का? तुमचं प्रत्येक पत्र मीच तिला वाचून दाखवायचे. ती पीठ मळता मळता ऐकायची, आणि तुम्ही काही वेडंवाकडं लिहिलेलं असलं की ते मी गाळायचे आणि तिला बरोब्बर कळायचं. म्हणजे ती पत्रं तिची आहेत, पण वाचायचं काम माझं आहे, आणि ते राहून गेलं आहे.

मे महिन्यात सुट्टी लागली की येते. तुम्ही पत्रं घेऊन अलिबागला तिच्या कबरीपाशी या, नऊ दिवसांची रजा काढून. एकदम नाही वाचायची. रोज एक.

तुमची,
राही