स्ट्रॉबेरीच्या मळ्यातली फवारणी

९ मे १९८३, सोमवार

आज पुन्हा स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या बायका क्लिनिकमध्ये. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून लाळ, हातपाय थरथरतायत. मुकादम दारातच उभा — ऊन लागलंय म्हणे. ऊन! हे फवारणीचं विष आहे.

त्यांच्यातली एल्विरा त्याच्यासमोर बोलेना. तो गेल्यावर म्हणाली, "आम्ही वाकून तोडत होतो. ट्रॅक्टर शेजारून फवारत गेला." पोटुशी आहे. विषावर उतारा म्हणून ॲट्रोपिन दिलं, अ‍ॅडमिट करायला लावलं.

१० मे

कायद्याने हे काउंटीच्या सरकारी आरोग्य खात्याला कळवायलाच हवं. मुख्य डॉक्टर म्हणतात, उष्माघात लिहा. मळ्याचा मालक आपल्या क्लिनिकच्या बोर्डावर आहे. या गावात दुसरं आहे तरी काय? मळे, लिंबाच्या बागा आणि बंदर. जपानला जाणारी लिंबं इथेच बोटीत चढतात. बँक, चर्च, शाळा — सगळं त्यावरच चाललंय.

आणि माझ्या नवऱ्याची, उल्हासची नोकरीही. धक्क्यावरचं कोल्ड स्टोरेज त्याच मालकाचं. फवारणीची औषधंही तिथूनच मळ्यात जातात. आमच्या ग्रीन कार्डचा अर्ज त्याच कंपनीमार्फत.

संध्याकाळी उल्हासला सगळं सांगितलं. जेवता जेवता थांबला. "नीला, तू यात पडू नकोस," एवढंच म्हणाला. तुला फक्त कार्डाची पडलीय, मी म्हटलं. तो उठून हात धुवायला गेला.

११ मे

त्याच्याशी बोलले नाही. फोनपाशी दोनदा गेले, परत आले. मलाच भीती वाटते.

१२ मे

एल्विराचं बाळ पोटातच गेलं. ती विचारत होती, माझं काय चुकलं? मला धड स्पॅनिश बोलता येत नाही. येत असतं तरी काय सांगणार होते? तिचा हात धरून बसले.

उद्या कळवणार. होईल ते होईल.

१३ मे, शुक्रवार

काउंटीला फोन केला. मळ्याचं नाव घेताच पलीकडची बाई म्हणाली, हे बुधवारीच कळलंय, फवारणी थांबवलीय. सांगणाऱ्याने औषधाचं नावसुद्धा दिलं. तुमचं नाव गुप्त ठेवू म्हटलं, तर म्हणाला, नको, लिहून घ्या. तिने ते नाव अडखळत वाचलं. उल्हासचं.

लगेच कोल्ड स्टोरेजला फोन लावला. त्याला कालच काढून टाकलंय.

आज सकाळीही तो डबा घेऊन कामाला निघाला होता.