राउटर हलवला, वायरी तिथंच

१८ नोव्हेंबर, मंगळवार
स्वरा आजही दुपारी झोपली नाही. पाळण्यात पडल्या पडल्या फळीवरच्या राउटरचे हिरवे दिवे बघत बसते. एखादा विझला की 'हूं' म्हणते. नात सात महिन्यांची, पण हजेरी रोज घेते. तिच्या आजीचा, शकूचा हुकूम सुटला: "पाळणा न्हाई हलायचा, तुमचा तो डबा हलवा." बरोबरच आहे. छताला कडी एकच, पोराच्या, विनूच्या वेळी स्लॅब भरताना मीच टाकलेली.
डबा हलवायला काय लागतं म्हणा. पण सूनबाईचं माडीवरचं ऑफिस, मधल्या खोलीतला टीव्ही, आमच्या खोलीतला कॉम्प्युटर, तिघांच्या वायरी भिंतीतल्या पाइपातून याच फळीवर येतात. त्यांचं काय करायचं?

१९ नोव्हें., बुधवार
नेटवाले मुजीबभाई बघून गेले. "काका, मेन लाइन अन् राउटर मधल्या खोलीत नेतो. तिथून एक वायर परत या फळीवर आणू. इथं एक छोटा स्विच बसवू, त्यात तुमच्या तिन्ही वायरी. बिलकुल टेन्शन घेऊ नका." स्विच म्हणजे पाच भोकांची डबी. बत्तीस वर्षं साखर कारखान्यात वायरमन होतो, बटण नसलेला स्विच पहिल्यांदाच बघतोय. दिवे त्यालाही आहेत, पण तो लाकडी पेटीत झाकता येतो. राउटर झाकला तर वायफाय मरतं म्हणे.
प्रणितानं एवढंच विचारलं, "बाबा, वरची लाइन बंद नाही ना राहणार?" का विचारलं ते मला माहीत आहे. बाळंतपणाची रजा संपल्यावर कंपनीनं तिला इथून, अंबडहून काम करू दिलंय, पण लाइन पक्की पाहिजे या अटीवर. लाइन गेली की ती पुण्याला, आणि तिच्यासोबत स्वरा. विनूला घरून काम नाही, तो तिकडंच असतो.
"एक तासही नाही," मी छातीठोक सांगितलं.

२३ नोव्हें., रविवार
काम फत्ते. प्रणिताला सुट्टी म्हणून मुद्दाम रविवार धरला. पाइपातून वायर मी ओढली, टोकं मुजीबभाईंनी बसवली. एकीच्या जागी दोन ओढल्या, पहिली कधी खराब झाली तर असू द्यावी म्हणून. "दुसरी राहू द्या तशीच," म्हणाले.
माडीवर चालू, टीव्ही चालू. स्वरा दुपारी दोन तास झोपली. शकूनं न मागता चहा दिला, यावरून काय ते समजावं.

२४, सोमवार
स. नऊला पेटी उघडून पाहिली. जास्तीच्या वायरीचं टोक लोंबत होतं. मधल्या खोलीत दुसरं टोक, तेही तसंच. उघडं टोक सोडून जायचं नाही, हे फोरमननं नोकरीच्या पहिल्याच दिवशी शिकवलेलं. स्विचला एक भोक रिकामं, राउटरलाही एक. दोन्हीकडं लावून टाकली. पेटी बंद. टापटीप.
दहाला प्रणिता जिन्यातून ओरडली, "बाबा, नेट गेलं!" नुसतं वर नाही, टीव्ही, वायफाय, सगळंच ठप्प. राउटर बंद-चालू केला. दोन मिनिटं येतं, परत जातं. मुजीबभाई टेंभुर्णीकडं कामावर. प्रणितानं मोबाइलवरून मीटिंग केली, तीही मध्येच तुटली.

२५, मंगळवार
मुजीबभाई आजही नाहीत. प्रणिताला साहेबांचा फोन आला. "हो सर. समजलं सर." मग खाली आली, स्वराला उचललं. "सोमवारपासून पुण्याला बोलावलंय."
शकू भाजी परतत होती. गॅस बंद करून तशीच उभी राहिली.
विनू शिकायला गेला तेव्हाचं घर आठवलं. मला ते परत नको आहे. बस, एवढंच.

२६, बुधवार
मुजीबभाई सकाळीच आले. पेटी उघडली तर सगळे दिवे एकदम फडफडत होते. त्यांनी एक वायर उपटली. सगळं चालू!
"ही कुणी लावली? दोन वायरी झाल्या ना काका. एकीतून गेलेलं दुसरीतून वापस येऊन राह्यलंय, नुसतं गोल गोल. मंग लाइन जाम होणारच."
प्रणिता शेजारीच उभी. मी उपटलेली वायर गुंडाळायला लागलो. मुजीबभाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "माझ्याच हातून घाईत लागली असंल, ताई." भला माणूस. मी मात्र भला निघालो नाही.
जेवण गेलं नाही. दुपारी माडीवर जाऊन सांगितलं, वायर मी लावली. ती म्हणाली, "आणि मी दोन दिवस त्यांच्या नावानं बोटं मोडतेय!" मग हसली, मग डोळे पुसले.
"सरांना काय सांगू?"
"खरं सांग. सासऱ्यानं अक्कल पाजळली म्हणावं."

२८, शुक्रवार
साहेब मानले! मार्चपर्यंत इथून काम करायला हरकत नाही. शकूनं शिरा केला. पेटीला कुलूप लावून किल्ली प्रणिताकडं दिली, पेटीला धोका फक्त माझ्यापासून.

३०, रविवार
विनू काल संध्याकाळी आला, पाच आठवड्यांनी. दारातच हात पुढं केले. स्वरानं त्याच्याकडं पाहिलं आणि भोकाड पसरलं, माझ्या मानेत तोंड खुपसलं. रोज फोनवर बघते त्याला. "ओळखलं न्हाई हिनं मला," म्हणाला, हसत. पण बूट काढायला त्यानं फार वेळ लावला.
आज सकाळी त्याच्या मांडीवर बसली, पाच-दहा मिनिटं. परत माझ्याकडं झेपावली. मला आनंद झाला, आणि झाला म्हणून लाज वाटली.
विनूची बस तीनची. जेवणं झाल्यावर प्रणितानं मला अंगणात गाठलं. "बाबा, लाइन आता ठीक आहे. सरांचंही काही म्हणणं नाही. पण हे परत एकटेच चाललेत. तुम्ही खरं सांगा, मी राहू का जाऊ?"
आठवडाभर ती राहावी म्हणून जीव टाकला. आता तीच विचारतेय तर 'राहा' म्हणवेना, आणि 'जा' तर त्याहून नाही. चहा घेऊन सांगतो म्हणालो.
चहा झाला. स्वरा मांडीवर झोपलीय, एका हातानं लिहितोय. आत विनू बॅग भरतोय. पावणेदोन वाजलेत.