गिअरचं लाल ऑइल

१२ मार्च, दुपार

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. नातवाचा दात पडला, नात पोहायला शिकली, वाचून बरं वाटलं. माझा गुडघा आहे तसाच. इथे सध्या दिवसभर अवकाळी मळभ असतं आणि कपडे वाळता वाळत नाहीत.

सुट्टीत मुलांना इकडे आणायला बाबा व्हॅन घेऊन कधी निघणार, असं तू विचारलंस. उत्तराला उशीर झाला, कारण गाडीचंच काम निघालं होतं. ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल आणि फिल्टर बदलायचा होता. तुला माहीत आहे, ते काम बाबा कुणाच्या हाती देत नाहीत. उभी हयात गॅरेजात गेली. आपली गाडी दुसऱ्याने उघडलेली कशी खपेल?

पहिल्यांदा सगळं पूर्वीसारखंच झालं. ते गाडीखाली, मी बाहेर टॉर्च धरून, हत्यारं पुढे करत. आधी इंजिन जरा गरम केलं, मग तळाच्या पॅनचे बोल्ट एका बाजूने सैल केले, म्हणजे ऑइल टबात नीट उतरतं. काळपट होतं, करपल्यासारखा वास. पॅनमधल्या चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा कीस त्यांनी पुसला, नवा फिल्टर बसवला, नवं ऑइल भरलं. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर रोज आमची नखं तपासायच्या. त्या दिवशीची माझी नखं बघून त्यांनी मला बाकावर उभं केलं असतं. मी तसं म्हटलं, तर गाडीखालून आवाज आला, "मग सांगायचं त्यांना, नवरा मेकॅनिक केलाय म्हणून!" किती हसलो आम्ही.

पुढच्या आठवड्यात ते पुन्हा गाडीखाली शिरले. मला वाटलं, कुठे गळत असेल. टबात सरबतासारखं लालभडक, स्वच्छ ऑइल उतरलं. त्यांनी बोट बुडवलं, वास घेतला.

"अगं, हे तर नवंकोरं आहे. कोणी बदललं?"

"अहो, तुम्हीच की."

ते माझ्याकडे बघतच राहिले. ठमे, त्या माणसाला घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणून पटकन म्हटलं, "थट्टा केली हो. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने बदललं." मग काय विचारतेस! "त्या ठोंब्याला माझ्या गाडीला हात लावू दिलास?" मी ओरडू दिलं. रागावले की ते अगदी पूर्वीचे वाटतात.

तेव्हापासून हे चालूच आहे. डॉक्टर म्हणतात, विसरणं वाढत जाणार. तुला लिहायचं टाळत होते.

परवा त्यांनी ऑइल काढलं, पॅन परत आवळलं, आणि ऑइल भरायचंच राहिलं. हातपाय धुतले, इस्त्रीचा शर्ट घातला, किल्ली घेतली. "मुलांना घेऊन येतो." गिअर टाकला. इंजिन नुसतं गुरगुरत राहिलं, पण ऑइलशिवाय गाडी जागची हलेना. शेजारच्या वहिनी बाहेर आल्या. बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले, आणि मी फाटकाशी उभी राहून मनातल्या मनात देवाचे आभार मानत होते. गाडी हलली नाही म्हणून.

उद्या ते असेच ब्रेक उघडून विसरतील. मागच्या सीटवर तुझी मुलं असतील.

ऑइलचे डबे मी माझ्या कपाटात शालींखाली लपवलेत. रोज सकाळी ते विचारतात. मी सांगते, मागवलंय, येईल.

तेव्हा मुलांना पाठवू नकोस. तूच ये, जमेल तेवढ्या लवकर. त्यांचा फोन आला तर रडू नकोस. मुलांची सुट्टी पुढे गेली, एवढंच म्हण.

आत्ता ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे आहेत. त्यांनी चष्मा लावलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

"कोणाला गं?"

"लेकीला."

"मग तिला कळव, गाडी तयार आहे. शनिवारी निघतो म्हणावं."

कळवलं, असं मी त्यांना सांगितलंय.

तुझी
आई