कीथच्या आवाजाची प्रत मिळणेबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
हंबरतीर बचत बँक,
मुख्य कार्यालय, ग्रिम्सबी.

विषय : दि. १४ मे २०२५ रोजी माझ्या भावाने आपल्या मदत केंद्राशी केलेल्या संभाषणाच्या ध्वनिमुद्रणाची प्रत मिळणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र दि. ९ ऑक्टोबर २०२५, ‘प्रकरण निकाली’ असे कळविणारे.

महोदय,

मी, डोरीन स्केल्टन, वय ६८, मासळी कारखान्यातून निवृत्त, आपली एकतीस वर्षांची खातेदार, सविनय अर्ज करते की,

१. माझा धाकटा भाऊ कीथ नॉर्वेत ट्रॉम्सो येथे राहतो. आईच्या अंत्यविधीला तो आला नाही, म्हणून अकरा वर्षे मी त्याच्याशी बोलले नव्हते. एप्रिलमध्ये त्याचे पत्र आले. घशाच्या कर्करोगामुळे १५ मे रोजी त्याचे स्वरयंत्र काढणार होते. “काही बोलायचं असेल तर त्याआधी ये,” एवढेच त्यात होते. हे फोनवर बोलण्याजोगे नव्हते. मी जायचे ठरविले.

२. प्रवासखर्चासाठी मी तीन बँकांच्या कार्डांची माहितीपत्रके आणून पंधरा दिवस ताडून पाहिली. इतर दोन्ही बँका शंभर पौंडांमागे तीन पौंड घेत होत्या. आपले कार्ड काहीच घेत नव्हते. आपल्या शाखेतील श्री. पास्क म्हणाले, “बाई, तिकडे रोख पैशाला कोणी विचारत नाही. हे एक कार्ड न्या आणि निर्धास्त राहा.” मी जुने कार्ड घरी ठेवले. या निवडीने माझे सुमारे चौदा पौंड वाचणार होते.

३. मंगळवार, १३ मे रोजी ट्रॉम्सोच्या वाटेवर नॉर्वेतील नार्विक येथे कार्डावर एक कॉफी घेतली. नंतर ट्रॉम्सोच्या बसचे तिकीट काढताना कार्ड चालेना. ‘परदेशात संशयास्पद वापर’ म्हणून ते थांबविले असल्याचे मदत केंद्राने सांगितले. मी परदेशी जाणार हे आधी लेखी कळविले होते. कार्ड सुरू करण्याचा संकेतांक मात्र टपालाने माझ्या ग्रिम्सबीच्या घरी पाठविण्यात आला.

४. बुधवारी माझ्या शेजारी राहणाऱ्या श्रीमती बेरिल ऑग्डेन यांनी ते पाकीट उघडून मला आकडे वाचून दाखविले. ते मी केंद्राला सांगितले. संकेतांक दुसऱ्या व्यक्तीने पाहिला, हे कळताच नियमभंग म्हणून कार्ड कायमचे रद्द झाले. या बोलण्यांत माझ्या फोनची शिल्लक संपली. शेवटच्या पैशांत कीथला एकच संदेश गेला : “कार्ड बंद. नार्विकला अडकले.” परदेशात आलेल्या फोनलाही पैसे पडतात, त्यामुळे त्यानंतर त्याचेही फोन मला लागले नाहीत. बसचालकाकडे फुकट प्रवास मागायची मला लाज वाटली. तो दोष माझा, बँकेचा नव्हे.

५. गुरुवारी सकाळी मी लाज सोडली. चालक म्हणाला, “बसा बाई, पैशाचं नंतर बघू.” साडेअकराला रुग्णालयात पोचले. कीथला आठ वाजताच आत नेले होते.

६. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. तो हिंडतो-फिरतो, पाटीवर लिहून माझी थट्टाही करतो. चौथ्या दिवशी त्याने लिहिले, की बुधवारी संध्याकाळी माझे कार्ड सुरू करून घ्यायला त्याने आपल्या केंद्राला फोन केला होता. पुढे त्याने लिहिले : “पोरगी म्हणाली, तुम्ही खातेदार नाही, नियमात बसत नाही. पण फोन काही तिने ठेवला नाही. मग मी बोलतच गेलो. आईच्या वेळी का आलो नाही, तेही तिलाच सांगून बसलो.” ते मला लिहून दे, असे मी म्हटले. त्याने दोनदा सुरुवात केली, दोनदा पुसले. शेवटी लिहिले, “लिहून नाही जमत गं.”

७. मी प्रत मागितली असता, आवाज त्रयस्थाचा असल्याने त्याची संमती हवी, असे आपण कळविले. त्याची स्वाक्षरीची संमती पाठविली. संमती दूरध्वनीवर, स्वतःच्या आवाजात द्यावी, असे उत्तर आले. रुग्णालयाचा दाखला पाठविला. तेच उत्तर पुन्हा आले. १८ सप्टेंबरला कीथने खरोखर फोन लावला आणि होकार म्हणून चमच्याने टेबलावर ठोकले. ‘पलीकडून प्रतिसाद नाही’ म्हणून फोन बंद करण्यात आला.

८. मुद्रणे सहा महिन्यांनी पुसली जातात, असे आपल्याच पत्रात आहे. म्हणजे १४ नोव्हेंबर. आज ३ तारीख आहे.

९. नुकसानभरपाई म्हणून आलेला चाळीस पौंडांचा धनादेश सोबत परत करीत आहे. पैशाबद्दल माझे काही म्हणणे नाही. त्या दिवशी फोन न ठेवणाऱ्या मुलीवर कारवाई होऊ नये, अशीही विनंती आहे.

प्रत देणे नियमात बसत नसल्यास मला कार्यालयात बोलावून एकदा ऐकवावे. मी काही टिपून घेणार नाही. त्यात त्याने मला शिव्या दिल्या असतील तरी चालेल.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र खातेदार,
डोरीन स्केल्टन
ग्रिम्सबी, दि. ३ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१. कीथ स्केल्टन यांचे संमतिपत्र (तिसऱ्यांदा)
२. रुग्णालयाचा दाखला
३. धनादेश, न वटविलेला